उद्योगास काय लागते?

गेल्या चैत्रात आमच्या घरात एक प्रश्न निघाला. तो आता पुष्कळ घरांतून निघत असतो, म्हणून वाचकांपुढे ठेवतो. प्रश्न विचारणारी आमची पुतणी, आमच्या दिवंगत धाकट्या बंधूंची मुलगी, वय वर्षे सत्तावीस. ती म्हणाली, "काका, मला हळदीची गिरणी घालायची आहे. घालू का असे विचारत नाही. घालायला माणसाजवळ काय असावे लागते, तेवढे सांगा."

आता आम्ही पडलो कीर्तनकार. प्रश्न आला की दृष्टांत तोंडाशी तयार असतो. पण त्या दिवशी आमची वाणी अडखळली. कारण उद्योग हा शब्द आमच्या घरात तीस वर्षे कोणी मोठ्याने उच्चारला नव्हता.

१९९२ साली आमच्या बंधूंनी तालुक्याच्या गावी भुईमुगाचा तेलघाणा घातला होता. माणूस कष्टाळू, बोलण्यात गोड, पहाटे चारला उठणारा. पहिल्या वर्षी गल्ल्यात पैसा दिसू लागला. घरापुढे नवा ओटा झाला, दारात मोटारसायकल आली. तीन वर्षांनी घाण्याला कुलूप लागले. शेंगा घातलेले शेतकरी दारात येऊन बसत. हमालांची तीन महिन्यांची मजुरी राहिली होती. आमच्या मातोश्रींनी दोन एकर रान विकायला लावले आणि ज्याचे त्याला दिले. बंधू पुढे २००६ साली निवर्तले. तोपर्यंत ते कोणाच्या लग्नालासुद्धा मोकळ्या मनाने गेले नाहीत.

आम्ही काय केले? खरे ते सांगतो. आम्ही कीर्तनात उभे राहून व्यापारधंद्याला नावे ठेवू लागलो. पसारा म्हणा, हाव म्हणा, मायेचा बाजार म्हणा. लोक माना डोलावीत. बंधूंचे कोणी विचारले, तर "दैव फिरले" एवढे म्हणून आम्ही मोकळे होत असू.

तेच आम्ही पुतणीलाही म्हणालो. "बाई ग, तुझ्या बाबांचे दैव वाईट होते." तिने पिशवीतून बाबांच्या जुन्या वह्या काढल्या आणि म्हणाली, "काका, मी या दोन वेळा वाचल्या. यात दैवाचे काम थोडे आहे."

ते वाक्य आमच्या काळजात रुतले. आणि मग आम्हांस, पाठशाळेत शिकलेली आणि शेकडो वेळा निरूपणात सांगितलेली एक गोष्ट नव्याने आठवली. गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंत सांगतात की कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यास पाच कारणे लागतात. पहिले अधिष्ठान, दुसरा कर्ता, तिसरे करण म्हणजे साधने, चौथ्या निरनिराळ्या चेष्टा म्हणजे खटपटी, आणि पाचवे दैव. ध्यानात घ्या, दैव पाचवे आहे. आम्ही चार कारणे ओलांडून एकदम पाचव्यावर उडी मारली होती. ज्ञान सांगणाराच असा चुकतो, तर इतरांची काय कथा!

टीकाकार येथे अधिष्ठान म्हणजे देह असा अर्थ करतात. शास्त्रार्थ तोच. पण दृष्टांतापुरता आम्ही तो अर्थ थोडा ताणणार आहोत आणि उद्योगाला ही पाच कारणे लावून पाहणार आहोत. उद्योग या शब्दातच पाहा ना, उद् म्हणजे वर आणि युज् म्हणजे जुंपणे. स्वतःला जुंपून घेतल्यावाचून उद्योग नाही. पण जुंपायचे कशाला आणि किती, हे जाणले पाहिजे.

दृष्टांत दूरचा नको. पुण्याहून मिरजेकडे रेल्वेने जाताना किर्लोस्करवाडी हे स्टेशन लागते. पूर्वी त्याचे नाव कुंडल रोड होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालचा. वडील काशिनाथपंत वेदांताचे जाणकार, म्हणजे आमच्याच वाटेचे. मुलगा मात्र मुंबईच्या कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेला. तेथे कळून आले की त्यांच्या डोळ्यांस काही रंगांतला भेद नीट कळत नाही. चित्रकारास यापरते दुर्दैव कोणते? पण लक्ष्मणराव कपाळाला हात लावून बसले नाहीत. ज्यात रंग लागत नाही असे यंत्रांचे रेखांकन ते शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक झाले. हा झाला कर्ता. कर्ता म्हणजे सर्वगुणसंपन्न पुरुष नव्हे. आपल्याला काय येत नाही हे ज्याने ओळखले आणि त्याप्रमाणे वाट बदलली, तो कर्ता.

पुढे नोकरी सोडून ते बेळगावास आले. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या साथीने सायकलींचे दुकान चालविले. पुस्तके वाचून, यंत्रे उघडून पाहून हात बसविला. कडबा कापण्याचे यंत्र केले. मग लोखंडी नांगर केला. हे झाले करण आणि चेष्टा. पण नांगर तयार झाला म्हणजे खपला असे थोडेच असते! लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली. दोन वर्षे, बरे का! माल तयार आहे आणि गिऱ्हाईक पाठ फिरवून जात आहे, अशा स्थितीत गिऱ्हाईकाला मूर्ख म्हणणे फार सोपे. पण शेतकऱ्याचे तरी काय चुकले? नांगर फसला तर त्याचे सबंध साल बुडणार. त्याची भीती खरी होती. ती भीती समजून घेणे हीसुद्धा चेष्टाच. आमच्या मते सर्वांत मोठी.

मग आले दैव. बेळगावची कारखान्याची जागा नगरपालिकेच्या नव्या वसाहतीसाठी सोडावी लागली. हे दैव प्रतिकूल. त्याच वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील माळरानावर जागा दिली, दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. हे दैव अनुकूल. १९१० साली त्या उजाड, निवडुंगाने भरलेल्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी राहू लागली. आता कोणी म्हणेल, राजाने पैसे दिले म्हणून झाले. तर दुसरा म्हणेल, लक्ष्मणरावांनी एकट्याने केले. दोघेही चुकतात. राजाने पैसे दिले ते ज्याने आधी नांगर करून दाखविला होता त्याला दिले. आणि लक्ष्मणराव कितीही मोठे असले, तरी जागा नसती, साथीचे कारागीर नसते, तर ते काय करणार होते?

येथेच गीतेचे मर्म आहे. पाच कारणे सांगून झाल्यावर भगवंत पुढे म्हणतात की, इतके असूनही जो केवळ आपणच कर्ता असे समजतो, त्याला खरे दिसतच नाही. जगात काय चालते पाहा. धंदा चालला की माणूस म्हणतो, पाचही कारणे मीच. धंदा बुडाला की म्हणतो, पाचही कारणे दैवच. दोन्ही वेळा हिशेब खोटा. उद्योगास लागणारी पहिली विद्या म्हणजे या पाचांतला आपला वाटा किती, हे जिंकल्यावर आणि हरल्यावर सारख्याच मापाने मोजता येणे.

आता आमच्या बंधूंचा हिशेब. पुतणीने वही उघडून बोट ठेवले. बाबा शेतकऱ्यांकडून शेंगा महिन्याच्या वायद्याने घेत. तेल दुकानदारांना तीन महिन्यांच्या उधारीने देत. मधले दोन महिने कोणाच्या पैशावर चालत होते? शेतकऱ्यांच्या. गल्ल्यात जो पैसा दिसत होता तो नफा नव्हता, तो देणे होते. बाबांनी देण्याला नफा समजून ओटा बांधला. पुढे तेलाचे भाव पडले, हे दैव खरे. पण भाव पडले नसते तरी तो ओटा दुसऱ्याच्या पैशाचाच होता.

आम्ही गप्प बसलो. अहो, त्या ओट्यावर बसून आम्ही कितीदा हरिपाठ म्हटला असेल!

आमच्या बंधूंजवळ धैर्य होते, कष्ट होते, गोड वाणी होती. हल्ली उद्योजक व्हायला हेच लागते असे जिकडेतिकडे सांगतात. धाडस करा, स्वप्न पाहा, मागे वळू नका. आम्ही म्हणतो, धाडस लागतेच, पण ते कोणाच्या जिवावर करायचे हे कोणी सांगत नाही. माणूस एकटा उडी मारीत नाही. त्याच्या कमरेला आईचे दागिने, भावाचे रान, मजुराचा आठवडा आणि शेतकऱ्याचे पीक बांधलेले असते. जुगारी आणि उद्योगी यांत धाडस सारखेच असते. दुसऱ्याचा वाटा ज्याने आधी बाजूला काढून ठेवला तो उद्योगी, न काढता डाव मांडला तो जुगारी.

या बाबतीत आमच्या तुकोबारायांचा आधार आम्हांस मोठा वाटतो. तुकोबा वाण्याचा व्यवसाय करणारे. घरी दुकान आणि सावकारी होती. दुष्काळात दिवाळे निघाले. दिवाळे म्हणजे काय, हे त्यांस पोथी वाचून कळले नव्हते. पुढे त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली, ही गोष्ट लहान मुलालाही ठाऊक आहे. पण त्या गोष्टीतला अर्धा भाग आपण सांगताना गाळतो. परंपरा अशी सांगते की धाकटे बंधू कान्होबा यांस अर्धी खते वाटणीने दिली आणि तुकोबांनी बुडविली ती केवळ आपली अर्धी. पाहिलेत? वैराग्याच्या एवढ्या भरातही त्यांनी भावाच्या वाट्याला हात लावला नाही. देवासाठीसुद्धा दुसऱ्याचे बुडवायचे नाही, तर मग धंद्यासाठी कसे बुडवावे?

कोणी शंका घेईल की हे फारच सोवळे झाले, असा विचार करीत बसला तर कोणी उद्योगच करणार नाही. शंका रास्त आहे. त्यावर एक चालते उदाहरण देतो. १९५९ साली मुंबईत गिरगावातील सात गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटावयास आरंभ केला. पहिल्या दिवशी चार पुडे झाले. पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. तोच आजचा लिज्जत पापड. देणगी घ्यावयाची नाही आणि नफा असो वा तोटा, तो सर्व भगिनींनी वाटून घ्यावयाचा, असा त्यांनी नियम ठेवला. तोटा वाटून घेणे हे शब्द नीट वाचा. नफा वाटणारे पुष्कळ. तोटा कोणाच्या अंगावर पडणार हे पहिल्याच दिवशी उघड सांगणारे थोडे. तेथे काही सोवळेपणाने धंदा बुडाला नाही. हजारो घरांच्या चुली त्यावर पेटल्या.

आता पुतणीकडे वळतो. तिने अकरा महिने दुसऱ्याच्या गिरणीत काम केले होते. आधी पोते शिवले, मग यंत्रापाशी उभी राहिली, मग सौद्याला जाऊन हळकुंड ओळखावयास शिकली. ओली हळद शिजवून वाळविली की वजन जवळजवळ पाचव्या हिश्श्यावर येते, पॉलिशात आणखी घटते, दळताना पूड उडते ती वेगळी. हे सारे तिने वजन करून लिहून ठेवले होते. आम्ही विचारले, "पैशाचे काय?" ती म्हणाली, "२०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत लहान कर्जाला तारण लागत नाही. यंत्र त्यात येईल. पण काका, यंत्राचा पैसा हा प्रश्नच नव्हे." आणि तिने वहीच्या दुसऱ्या पानावर दोन आकडे दाखविले, पंचेचाळीस आणि आठ.

लहान उद्योगाचे पैसे घेणाऱ्याने जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत चुकते करावेत, असा कायदा २००६ साली झाला आहे. त्यासाठी जी सरकारी नोंदणी करतात, तिचे नावही 'उद्यम' असेच आहे. म्हणजे पुतणीला मालाचे पैसे पंचेचाळीस दिवसांनी मिळाले तर नशीब. आणि शेतकऱ्याला ती आठ दिवसांत देणार. मधले सदतीस दिवस कोणी पोसायचे? ती म्हणाली, "ते सदतीस दिवस मी पोसायचे. तेवढे पैसे माझ्याजवळ असतील तेवढीच हळद घेणार, एक पोते जास्त नाही. बाबा नेमके येथेच चुकले." आम्ही आयुष्यभर भांडवल म्हणजे यंत्र आणि इमारत समजत होतो. भांडवल म्हणजे शेतकऱ्याच्या दारात मान वर करून जाता यावे म्हणून आपण सोसलेले दिवस, हे आम्हांस त्या मुलीने शिकविले.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात शिकविणाऱ्या सारस सरस्वती या विदुषींनी मुरलेल्या उद्योजकांची विचार करण्याची रीत अभ्यासिली आणि २००१ साली ती लिहून मांडली. ही मंडळी नफा किती होईल याचे मनोरे आधी रचीत नाहीत. हाताशी काय आहे, कोण सोबत आहे आणि किती बुडाले तर सोसवेल, येथून ती आरंभ करतात. पुतणीने वहीच्या शेवटच्या पानावर एक आकडा लिहून त्याभोवती चौकट काढली होती. इतका तोटा झाला की यंत्र विकायचे, राहिलेले देणे फेडायचे आणि नोकरी धरायची. आम्ही म्हणालो, "आरंभीच शेवट कशाला लिहिलास? अपशकुन!" ती म्हणाली, "काका, बाबांनी शेवट लिहिला नव्हता, म्हणून तो दुसऱ्यांनी लिहिला."

यावर आम्ही काय बोलणार? तरी कीर्तनकाराचा स्वभाव जात नाही. आम्ही एक शेवटची परीक्षा पाहिली. विचारले, "गिऱ्हाईक म्हणाले, तुझी हळद फिकी, शेजारची पिवळीधमक, तर काय करशील?" हा प्रश्न पोरखेळ नव्हे. हळदीस झळाळी यावी म्हणून लेड क्रोमेट नावाचा शिशाचा पिवळा रंग मिसळल्याचे तपासण्यांत आढळले आहे. शिसे लहान मुलांच्या मेंदूस घात करते. वाईट एवढेच की घात वीस वर्षांनी कळतो आणि पैसा आज मिळतो. ती जरा वेळ थांबली. मग म्हणाली, "पहिल्या वर्षी माझी हळद कमीच खपेल, काका. ते त्या चौकटीतल्या आकड्यात धरले आहे."

सज्जनहो, हे उत्तर आम्हांस फार आवडले. मी कधीच तसे करणार नाही, अशी शपथ तिने घेतली नाही. शपथा आम्ही पुष्कळ ऐकल्या आहेत. तिने सचोटीची किंमत आधीच खर्चात धरली. जी सचोटी हिशेबात धरलेली नसते, ती पहिल्या अडचणीत विकली जाते. नांगर खपेना म्हणून दोन वर्षे थांबावयास लागते तेही हेच. थांबण्याची सोय आधी केलेली असली तर माणूस सरळ राहू शकतो.

मग एक शंका उरते. समाधानाने असावे असे संत सांगतात, आणि उद्योग तर असमाधानाने पेटतो, तर मेळ कसा? आम्हीच हा मुद्दा वर्षानुवर्षे उगाळला. पण नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावतोबा माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी, यांपैकी कोणी हात बांधून बसले होते काय? समाधान फळाविषयी असावे, खटपटीविषयी नव्हे. आम्ही भीतीला समाधानाची शाल पांघरून तिला व्यासपीठावर बसविले होते. बंधूंच्या दुःखाने आम्ही घाबरलो होतो, एवढेच खरे. ज्या तरुणांनी आमचे ऐकून पाऊल मागे घेतले असेल, त्यांची येथे क्षमा मागतो.

शेवटी पुतणी ज्यासाठी आली होती ते सांगावयाचे राहिले. तिला सही नको होती, जामीन नको होता. आमच्या वाड्याची पुढची पडवी हवी होती. वाडा आमचा आणि बंधूंचा सामाईक. अर्धा तिच्या आईचा, अर्धा आमचा. पडवी आमच्या वाट्यात येते. ती म्हणाली, "भाड्याने द्या, कागद करा. घरचे म्हणून फुकट नको." आम्हांस आठ दिवस झोप लागली नाही. पुन्हा दारात शेतकरी येऊन बसलेले दिसत. नवव्या दिवशी आम्ही पडवी दिली आणि भाडेही घेतले. भाडे घेताना हात जड झाला, पण ते न घेणे म्हणजे तिच्या हिशेबात आमचा खोटा आकडा घालणे झाले असते. तिच्या पाच कारणांतले अधिष्ठान तेवढे आमच्याकडून गेले.

आषाढी करून परतल्यावर हा लेख लिहीत आहोत. पडवीत यंत्र सुरू आहे आणि आमचे धोतर पिवळे झाले आहे. गिरणी चालेल की नाही? आम्हांस ठाऊक नाही, तिलाही नाही. पाचवे कारण कोणाच्या वहीत मावत नाही. पण पहिली चार तिच्या वहीत आहेत, आणि शेतकऱ्यांचे पैसे आजवर आठव्या दिवशी गेले आहेत.

वाचकांपैकी कोणाच्या घरात असा प्रश्न निघाला, तर मुलाला वा मुलीला भिववू नका आणि चढवूही नका. शेजारी बसा आणि वही मागा. वहीत तीन गोष्टी पाहा. यात आपले किती, दुसऱ्याचे किती, आणि बुडाले तर आधी कोणाचे बुडणार. तिसऱ्या प्रश्नाला "माझे" असे उत्तर आले, तर आशीर्वाद द्या. दुसरे कोणाचे नाव आले, तर आणखी एक वर्ष शिकावयास पाठवा.

रामकृष्णहरि.